शिमला ऑफिसच्या आत

पुण्यात शिमला ऑफिसच्या चौकात सिग्नलला तुम्ही क्षणभर डोळे मिटता. उघडता तेव्हा रिक्षा नाहीत, बस नाहीत. समोरून सायकलींची रांग आणि मागून एक टांगा. साल १९५७, मे महिना, रणरणतं ऊन. वेधशाळेची इमारत तेवढी जागच्या जागी. हवामानखात्याची ही कचेरी १९२८ मध्ये शिमल्याहून आली; पुणेकरांनी तिचं माहेरचं नाव काही सुटू दिलं नाही.

आत या. वर्कशॉपमध्ये लेथ फिरतोय, पितळेचा कीस चपलेखाली चुरचुरतोय. हाताखाली १२१ जण, सगळे पुरुष, आणि प्रमुख कोण, तर खादीच्या साडीतल्या अन्ना मणी. (नाव ऐकून धोतर-टोपी डोळ्यांपुढे आली असेल, तर दोष पुण्याच्या हवेचा.) १९४८ मध्ये लंडनहून येऊन त्या रुजू झाल्या, तेव्हा साधी उपकरणंही परदेशातून यायची. त्यांनी जवळजवळ १०० उपकरणांची प्रमाणित ड्रॉइंग्ज करवून घेतली.

टेबलावर काचेची उपडी वाटी, तिच्याखाली काळी चकती. उन्हाने चकती तापते, खालच्या धातूंच्या जोडांत किंचित वीज निर्माण होते. ती मोजली की सूर्याने किती ऊर्जा दिली ते कळतं. काळा रंग विटला किंवा काचेवर धूळ बसली की मापात पाप. पंचाईत अशी, की खोटा आकडाही वहीत खऱ्याइतकाच ऐटीत बसतो. १ जुलैला आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष सुरू होणार; त्यासाठी देशभर ऊन मोजणारी केंद्रं हवीत, आणि सगळ्यांचं माप एकच हवं.

अचूक मापासाठीची अन्ना मणींची ही चिकाटी बंगळुरूची, लंडनच्या आधीची. तिथे सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिऱ्यांचे वर्णपट टिपले. एकेका फोटोप्लेटला पंधरा-वीस तास लागायचे, म्हणजे रात्रही तिथेच. पाच शोधनिबंध छापून आले. १९४५ मध्ये प्रबंध मद्रास विद्यापीठात गेला. उत्तर आलं: एम.एस्सी. नाही, मग पीएच.डी.ही नाही! आठव्या वाढदिवसाला हिऱ्यांच्या कुड्या नाकारून विश्वकोश मागणाऱ्या मुलीला हिऱ्यांनी हे दिलं. मला तरी त्या नियमाची अजून चीड येते.

नकळत तुम्ही वाटीला हात लावता. काचेवर तुमच्या अंगठ्याचा स्वच्छ ठसा. शेजारचा कारागीर काही न बोलता मऊ फडकं तुमच्यापुढे सरकवतो.