हा फोटो नेमका कुणाचा?

आमचा चौघांचा फोटोग्राफीचा कंपू आहे. चौघं आयटीवाले, कॅमेरे दोन, शनिवार-रविवार कुठल्यातरी गडावर. कॅमेरे सारखे या हातातून त्या हातात जातात. परवा रायगडावरचा एक फोटो स्पर्धेला पाठवायचं ठरलं आणि तो कुणी काढला यावरून चहा गार होईपर्यंत भांडलो. मी ठाम होतो, माझाच. फाईलमधला डेटा कॅमेऱ्याचं नाव सांगतो, बोट कुणाचं होतं ते नाही. त्या रात्री मला पॅरिसमधला एक जुना कंपू आठवला.

साल १९३४. बुडापेस्टहून आलेला एन्द्रे फ्रीडमन, वॉर्सॉचा डेव्हिड शिमिन ऊर्फ 'शिम' आणि श्टुटगार्टची गेर्टा पोहोरिल. तिघंही ज्यू, तिघंही विशीतले, तिघंही परक्या शहरात. दिवस माँपारनासच्या कॅफेत जायचा. एन्द्रेचा कॅमेरा अधूनमधून गहाण पडलेला असायचा. काम मिळेना, तेव्हा १९३६ मध्ये एन्द्रे आणि गेर्टानं एक भन्नाट थाप रचली : 'रॉबर्ट कापा' नावाचा एक बडा अमेरिकन फोटोग्राफर आहे, त्याचे फोटो महाग असतात. फोटो अर्थातच एन्द्रेचे. थाप उघडी पडली, पण नाव त्याला चिकटलं. तीही गेर्डा तारो झाली. म्हणजे यांच्यात नावाचा घोळ पहिल्या दिवसापासून होता!

त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि ऑगस्टमध्ये कापा-तारो बार्सिलोनात पोचले. शिमही स्पेनमध्ये फोटो काढत होता. सुरुवातीला तारोच्या कॅमेऱ्याची फ्रेम चौकोनी आणि कापाच्या लायकाची आडवी, त्यामुळे कुणाचं काय ते कळायचं. पुढे तीही लायका वापरू लागली. फोटोंच्या मागे 'रिपोर्ताज कापा आणि तारो' असा जोडशिक्का बसू लागला. मग तिनं स्वतःचा वेगळा शिक्का करून घेतला : 'फोटो तारो'. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

जुलै १९३७ मध्ये ब्रुनेतेच्या लढाईतून माघार घेताना ती एका मोटारीच्या पायरीवर उभी होती. रणगाड्याची धडक बसली. २६ जुलैला ती गेली. १ ऑगस्टला पॅरिसमध्ये हजारो लोक तिच्या अंत्ययात्रेत चालले. त्या दिवशी ती २७ वर्षांची झाली असती.

नंतर कापा जगप्रसिद्ध झाला आणि तिचे कितीतरी फोटो त्याच्या नावावर छापले गेले. १९४७ मध्ये कापा, शिम, कार्तिए-ब्रेसाँ वगैरेंनी 'मॅग्नम' ही संस्था काढली. नाव शँपेनच्या मोठ्या बाटलीवरून पडलं म्हणतात. या मंडळींना ते शोभतंही. तिथला नियम मात्र कडक : फोटोचा हक्क काढणाऱ्याचा. तारोसाठी तो दहा वर्षं उशिरा आला.

तिचे निगेटिव्ह होते कुठे? जर्मन फौजा पॅरिसकडे येऊ लागल्या तेव्हा कापाचा दोस्त, डार्करूम सांभाळणारा चिकी वाइस, स्पेनचे निगेटिव्ह पाठपिशवीत भरून सायकलनं बोर्दोकडे निघाला. ते फिरत फिरत मेक्सिकोला गेले आणि तिथेच राहिले. डिसेंबर २००७ मध्ये तीन खोकी न्यूयॉर्कला, कापाच्या धाकट्या भावानं उभारलेल्या संस्थेत पोचली. आत तिघांचे मिळून सुमारे साडेचार हजार निगेटिव्ह.

सुट्या फोटोला शेजारी नसतात, रोलला असतात. शिमचा एक गाजलेला फोटो आहे : बाळाला पाजणारी बाई वर बघतेय. कित्येक वर्षं लोक समजत होते की ती बॉम्बफेकी विमानांकडे बघतेय. शेजारच्या फ्रेम पाहिल्या तर ती युद्धाआधीची, जमीनवाटपाची सभा निघते! असेच काही फोटो कापाच्या नावावरून तारोच्या नावावर आले. खोक्यांत आणखी एक मित्र, फ्रेड श्टाइन, याचेही रोल निघाले. त्यात युद्ध नाही, बहुतेक तारोच आहे.

हे वाचून झाल्यावर मी आमच्या रायगडाच्या सगळ्या फाईल्स वेळेनुसार लावल्या. स्पर्धेच्या फोटोच्या आठ सेकंद आधीची फ्रेम उघडली. त्यात कडेला, हातात चहाचा कप घेऊन, मीच उभा होतो.

ग्रुपवर तो फोटो टाकला आणि खाली तिचं नाव लिहिलं.