नगरपरिषदांचा जमाखर्च, वर्धा जिल्हा

वर्धा जिल्ह्यातील शहरांची करआकारणी, त्यांना मिळणारी शासकीय अनुदाने आणि खर्चावरील नियंत्रण यांची व्यवस्था. जिल्ह्यात वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी व सिंदी (रेल्वे) या सहा नगरपरिषदा आणि सेलू, समुद्रपूर, आष्टी व कारंजा (घाडगे) या चार नगरपंचायती आहेत. २०११च्या जनगणनेत यांपैकी वर्धा आणि हिंगणघाट या दोनच शहरांची लोकसंख्या एक लाखाच्या वर होती. दहाही संस्थांचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५नुसार चालतो. हा कायदा येण्यापूर्वी जिल्ह्याला मध्य प्रांताचा १९२२चा नगरपालिका कायदा लागू होता. वर्धा नगरपालिका त्याहूनही जुनी, १८७४ची.

चुंगी : पश्चिम महाराष्ट्रात जिला जकात म्हणतात ती विदर्भात चुंगी. शहराच्या वेशीवर नाका आणि शहरात येणाऱ्या मालावर कर, अशी ही सरळ पद्धत होती. तिचे दोष सर्वांना ठाऊक होते : गाड्यांच्या रांगा, चुकीची मोजदाद, टेबलाखालचा व्यवहार. तरीही पालिकेच्या तिजोरीत रोज रोकड पडे आणि बाजारपेठ वाढली की उत्पन्न आपोआप वाढे. हिंगणघाटसारख्या कापसाच्या पेठेला याचे महत्त्व सांगायला नको. राज्यातील नगरपरिषदांच्या हद्दीतील ही वसुली १९९९मध्ये बंद झाली आणि भरपाईदाखल शासनाचे सहायक अनुदान सुरू झाले. व्यापाऱ्यांची सुटका झाली, हे खरे. पण पालिकेची कमाई त्या दिवसापासून मंत्रालयाच्या हाती गेली. नाके गेले, त्या जागांना चिकटलेले ‘चुंगी नाका’ हे नाव मात्र काही ठिकाणी टिकून आहे.

महानगरपालिकांचा प्रवास वेगळा झाला. मुंबई वगळता इतरांना जकातीच्या जागी आधी स्थानिक संस्था कर मिळाला. २०१७मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर त्यांच्या भरपाईसाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला आणि त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ धरली. नगरपरिषदांचे अनुदान शासननिर्णयांवर चालते. त्यातला मोठा भाग पगार आणि निवृत्तिवेतनातच जातो, म्हणून हप्ता लांबला की पहिली झळ सफाई कामगाराला बसते. त्याच २०१७मध्ये करमणूक करही वस्तू व सेवा करात विलीन झाला.

मालमत्ता कर : स्वतःच्या अधिकारात वाढवता येईल असे मोठे उत्पन्न आता हेच. बोलीभाषेत याला घरटॅक्स म्हणतात. कायद्यानुसार दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायला हवी. नगररचना विभागाचा अधिकारी मूल्य ठरवतो, यादी प्रसिद्ध होते, हरकती येतात, सुनावणी होते. यानंतरचा टप्पा कायद्यात लिहिलेला नाही, पण तो सर्वांना पाठ आहे : मोर्चा, निवेदन आणि वरून स्थगिती. चार वर्षांची वाढ आठ-दहा वर्षांनी एकदम अंगावर येते, तेव्हा घरमालकाचा संतापही रास्तच असतो. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती आहे. ती माफ होईल या आशेवर थकबाकीदार थांबतात आणि वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो. एकाच बिलात शिक्षण कर व रोजगार हमी करही असतात. ते पालिकेने वसूल करून राज्याला द्यायचे असतात, शिव्या मात्र पालिकेलाच मिळतात.

आकारणीला आणखी दोन मर्यादा आहेत. रेल्वेसह केंद्राच्या मालमत्तांवर राज्यघटनेच्या अनुच्छेद २८५मुळे मालमत्ता कर लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयापुढील राजकोट महानगरपालिकेच्या प्रकरणात, २००९मध्ये, वापरल्या जाणाऱ्या सेवांनुसार कराच्या ७५, ५० किंवा ३३.३३ टक्के सेवाशुल्काचे सूत्र ठरले. दुसरी मर्यादा खास वर्ध्याची आहे. पिपरी, सावंगी, बोरगाव, सिंदी ही ‘मेघे’ नावाची गावे आणि नालवाडी शहराला खेटून वाढली. तिथले रहिवासी बाजाराला, कचेऱ्यांत, शाळांत वर्ध्यात येतात. कर आपापल्या ग्रामपंचायतीत भरतात. रस्ता झिजतो शहराचा. हद्दवाढीला या गावांचा विरोध असण्याचे एक कारण घरटॅक्सच आहे, आणि ते समजण्यासारखे आहे.

खर्च : पगार कमी करता येत नाहीत आणि पाण्याचे पंप थांबवता येत नाहीत. अपंग कल्याण आणि महिला व बालकल्याण यांसाठी प्रत्येकी ५ टक्के राखून ठेवावे लागतात. मग कात्री लागते ती देखभालीला : नाली, दिवे, बगिचा. एलईडी दिव्यांमुळे वीजबिलाची बचत हा त्यातल्या त्यात खरा उपाय. मोठ्या योजनांचे गणित उलटे असते. २०१५च्या अमृत योजनेत वर्धा व हिंगणघाट होती. दहा लाखांपर्यंतच्या शहरांना केंद्राकडून निम्मा खर्च मिळे आणि राज्याला किमान २० टक्के उचलावे लागत, तरी उरलेला स्वहिस्सा शहराने उभा करायचा असे. भुयारी गटार बांधून झाले तरी ते चालवण्याचा खर्च कायमचा पालिकेच्या माथी राहतो. मार्च महिन्यात ‘शिलकी अंदाजपत्रक मंजूर’ अशी बातमी येते. ती शिल्लक बहुधा येणे असलेल्या अनुदानांची असते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेली होती. लेखापरीक्षित हिशेब जाहीर करणे, मालमत्ता कराचा किमान दर ठरवणे आणि राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीबरोबर करवसुली वाढवणे या त्याच्या अटी होत्या. ओबीसी आरक्षणाच्या वादामुळे निवडणुका रखडल्या आणि २०२२पासून जिल्ह्यातील नगरपरिषदांवर प्रशासक होते. या काळात कर व खर्चाचे निर्णय सभागृहातील चर्चेविना झाले. सहाही नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५मध्ये झाल्या.