हिंगणघाटची बनी आणि सरकारी तपासणी

हिंगणघाटच्या बनी कापसाचा भाव एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात वेगळा पुकारला जाई. हे नाव भेसळीने बुडाले, असे आजही सांगितले जाते. अडत्यांनी वऱ्हाडचा हलका माल त्यात मिसळला, गाठी ओल्या केल्या, रुईत सरकी नि माती दडवली. सरकारचे निदानही हेच होते. अमेरिकेतल्या यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना अडल्या, तेव्हा १८६३ साली मुंबई सरकारने कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करून निरीक्षक नेमले. पुढे मध्य प्रांत नि वऱ्हाडसाठी रिव्हेट-कारनॅक हे कापूस कमिशनर झाले. हिंगणघाटचे बियाणे टिकवण्याचा त्यांनी बराच खटाटोपही केला.

भेसळ होतीच, पण बनी मागे पडली ती शेतकऱ्याच्या हिशेबाने. तो विकत होता सरकीसकट कापूस, तोही वजनावर. आखूड धाग्याच्या ‘जरी’ वाणाला रुईचा उतारा जास्त पडे आणि तो भरड माल मुंबईच्या गिरण्यांना, नंतर जपानलाही चाले. धाग्याच्या लांबीचे पैसे शेतापर्यंत पोचत नसतील, तर बनी कोणी नि कशाला पेरावी? तपासनीस गाठ फोडून पाहत होता. पेरणीचा निर्णय त्याच्या फार आधी होऊन जाई.

मग नियंत्रित बाजारांनी काहीच साधले नाही का? साधले. १८९७ च्या वऱ्हाडातील कायद्याने मापातली नि दलालीतली लूट आवरली. वर्धा नदीच्या अलीकडे मात्र, मध्य प्रांतात, तसा कापूस बाजार कायदा यायला १९३२ उजाडले. पण प्रामाणिक काटाही वजनच सांगतो, धागा नाही.

प्रतवारीनुसार पैसे सरकारनेच दिले तर? हा प्रयोग महाराष्ट्रात १९७२ पासूनच्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत झाला. खासगी खरेदी बंद झाली, प्रतवारीप्रमाणे भाव ठरले. मंदीच्या वर्षी या योजनेने शेतकऱ्याला तारले, हा तिच्या समर्थकांचा दावा मला मान्य आहे. पण तेजीत हाच कापूस चोरवाटांनी आंध्र नि मध्य प्रदेशात जाई. महागात विकायचा माल निसटायचा, पडत्या भावाचा तेवढा पदरी यायचा. तोटा साचणारच होता. शिवाय खरेदी मुंबईच्या हाती आणि निर्यातीचा कोटा दिल्लीच्या. परदेशात भाव चढला तरी किती गाठी बाहेर जाऊ द्यायच्या, हे गिरण्यांची गरज पाहून ठरे. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा, ही अपेक्षा गैर नाही. तिचा भार कोरडवाहू शेतकऱ्यावर टाकणे गैर होते. एकाधिकार संपला, कोटाही गेला, तरी ५ मार्च २०१२ रोजी केंद्राने निर्यात एकाएकी बंद केली, आणि कृषिमंत्री शरद पवारांनीच जाहीर विरोध केल्यावर आठवड्याभरात तो निर्णय सैल करावा लागला.