४२९४९६७२९७

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे पाचवी फर्मा संख्या (२ चा असा घात अधिक १, ज्याचा घातांक स्वतः २ चा घात असतो). ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या आधीच्या पाचही (क्रम शून्यापासून) मूळ संख्या आहेत. तेव्हा पुढच्या साऱ्या तशाच असणार, असे पिएर द फर्माने १६४० च्या सुमारास मानले.

लिओनार्ड ऑयलरने १७३२ मध्ये तो समज मोडीत काढला: ही संख्या ६४१ × ६७००४१७ आहे. तिचा प्रत्येक मूळ भाजक ६४क + १ या रूपाचाच असतो. त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ एवढे तपासले की लगेच ६४१ हाती लागतो. फर्मासारख्या पट्टीच्या आकडेमोड्याने एवढा पल्ला का गाठला नाही, याचे नवलच वाटते.

दोन वर्गांची बेरीज म्हणून ती दोन प्रकारे मांडता येते: ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९². मूळ संख्येला असा फार तर एकच मार्ग असतो.

इतक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती कंपास-पट्टीने काढता येत नाही. दोनने लहान ४२९४९६७२९५ बाजूंची मात्र, निदान तत्त्वतः, येते; कारण ही संख्या वरच्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार आहे.