अनाथाश्रमातील मुलांना मदत : कायदा, व्यवस्था आणि देणगीदाराची जबाबदारी

घरातील मुलाचा वाढदिवस, वडीलधाऱ्यांची पुण्यतिथी, दिवाळी किंवा स्वातंत्र्यदिन अशा प्रसंगी देशभरातील असंख्य कुटुंबे जवळच्या अनाथाश्रमात भोजन, मिठाई, कपडे वा शालेय साहित्य देतात. या दानामागील भावना प्रामाणिक असते आणि अनेक संस्थांचा दैनंदिन खर्च त्यावरच भागतो. मात्र भारतीय कायद्यानुसार संस्थेतील वास्तव्य हा कोणत्याही मुलासाठी अखेरचा पर्याय आहे. त्यामुळे मदत कोणाला, कोणत्या मार्गाने आणि किती काळ दिली जाते, या प्रश्नांना महत्त्व प्राप्त होते. योग्य मार्गाने दिलेला आधार मुलाला कुटुंबाजवळ नेतो, तर चुकीच्या मार्गाने दिलेला पैसा त्याला कुटुंबापासून दूर ठेवण्यास कारणीभूत ठरू शकतो.

अनाथाश्रम ते बालगृह

महाराष्ट्रात निराधार मुलांच्या संगोपनाची परंपरा दीड शतकाहून जुनी आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, तर पंढरपुरात १८७५ मध्ये प्रार्थना समाजाशी निगडित बालकाश्रम उभा राहिला. विधवांच्या अपत्यांवर समाजाने लादलेला कलंक हे या दोन्ही उपक्रमांमागील प्रमुख कारण होते. आज मुले संस्थेत येण्याची कारणे बदलली आहेत. दारिद्र्य, पालकांचे आजारपण, स्थलांतर, घरगुती हिंसा, व्यसनाधीनता आणि गावात शाळेची सोय नसणे ही त्यांपैकी ठळक कारणे होत.

'अनाथाश्रम' हा शब्द बोलीत रूढ असला, तरी प्रचलित कायद्यात 'बालगृह' ही संज्ञा वापरली जाते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा या क्षेत्रातील मुख्य कायदा असून तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. या कायद्यातील 'अनाथ' शब्दाची व्याख्या आई-वडिलांच्या मृत्यूपुरती मर्यादित नाही. ज्या मुलाचा कायदेशीर पालक त्याचा सांभाळ करण्यास तयार वा समर्थ नाही, अशा मुलाचाही त्यात समावेश होतो.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१८ मध्ये समोर आलेल्या देशव्यापी पाहणीत ९,५८९ संस्थांची नोंद झाली. काळजी व संरक्षणाची गरज असलेली सुमारे ३ लाख ७० हजार मुले त्यांत राहत होती. आई किंवा वडील यांपैकी एक जण हयात असलेल्या मुलांची संख्या पूर्णतः अनाथ मुलांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे या पाहणीत दिसून आले. थोडक्यात, अनाथाश्रमातील अनेक मुलांना घर आहे. ते घर चालवण्याचे बळ पालकांकडे नाही.

संस्थेत प्रवेश आणि परतीची वाट

कोणतीही संस्था परस्पर मूल ठेवून घेऊ शकत नाही. निराधार वा हरवलेले मूल आढळल्यास प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर हजर करावे लागते. अध्यक्ष व चार सदस्य असलेल्या या समितीत किमान एक महिला असणे बंधनकारक आहे. समिती मुलाच्या कौटुंबिक परिस्थितीची चौकशी करून घेते आणि त्यानंतर पालकांकडे परत पाठवणे, नातेवाइकांकडे सोपवणे, प्रतिपालक कुटुंबात ठेवणे किंवा बालगृहात दाखल करणे यांपैकी निर्णय देते. मूल खरोखरच अनाथ किंवा टाकून दिलेले असल्याची खात्री पटल्यास त्याला दत्तकासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त घोषित केले जाते.

अधिनियमाच्या कलम ३ मधील मूलभूत तत्त्वांत संस्थात्मक संगोपन हा अखेरचा उपाय मानला आहे. कलम ४० नुसार मुलाचे कुटुंबात पुनःस्थापन हे बालगृहाचे प्रमुख उद्दिष्ट आहे. संस्थेत किती मुले आहेत, याबरोबरच वर्षभरात किती मुले आपल्या घरी परतली, हाही तिच्या कार्याचा महत्त्वाचा निकष ठरतो.

कुटुंबाला प्राधान्य का?

या धोरणामागे शास्त्रीय आधार आहे. रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे २००० च्या दशकाच्या आरंभी अनाथालयांतील १३६ बालकांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी निम्म्या बालकांना प्रशिक्षित प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आले. संस्थेतच राहिलेल्या बालकांच्या तुलनेत कुटुंबात गेलेल्या बालकांचा बौद्धिक विकास सरस आढळला आणि वयाची दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी कुटुंब मिळालेल्यांना त्याचा सर्वाधिक लाभ झाला. या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पाळीपाळीने बदलणारे कर्मचारी कितीही मायाळू असले, तरी लहान मुलाला हवी असलेली एका व्यक्तीची सततची सोबत त्यांना देता येत नाही, हे त्यामागील प्रमुख कारण मानले जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये पर्यायी संगोपनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. केवळ गरिबीच्या कारणावरून मुलाला कुटुंबापासून वेगळे करू नये, असे ही तत्त्वे सांगतात. बालहक्क संहितेला भारताने १९९२ मध्येच मान्यता दिली आहे.

देणगीमुळे मुलांची मागणी निर्माण होते तेव्हा

पर्यटकांचा आणि परदेशी देणग्यांचा ओघ वाढल्यावर काय घडू शकते, हे दोन आशियाई देशांत दिसले. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अनाथालयांची संख्या झपाट्याने वाढली. याच काळात देशातील अनाथ मुलांच्या संख्येत मात्र तशी वाढ झालेली नव्हती. संस्थांतील सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे पाहणीतून पुढे आले. त्यानंतर तेथील सरकारने संस्थांची मोजणी, नियमन आणि मुलांना घरी परत पाठवण्याची मोहीम हाती घेतली.

नेपाळमध्ये १९९६ ते २००६ या सशस्त्र संघर्षाच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतील पालकांना शिक्षणाचे आमिष दाखवून दलालांनी मुले काठमांडूत आणली. त्यांपैकी अनेकांना कागदोपत्री अनाथ ठरवण्यात आले. २०१५ च्या भूकंपानंतर हाच प्रकार पुन्हा घडू नये, यासाठी पालकांविना मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर सरकारला निर्बंध घालावे लागले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवी पर्यटनामुळे होणाऱ्या हानीची दखल घेऊन ती रोखण्याचे आवाहन सदस्य राष्ट्रांना केले.

नोंदणी आणि देखरेख

भारतात प्रत्येक बालसंगोपन संस्थेला, ती शासकीय असो वा खासगी, अनुदानित असो वा विनाअनुदानित, बाल न्याय अधिनियमाखाली नोंदणी करावी लागते. नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते. विनानोंदणी संस्था चालवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सार्वजनिक विश्वस्त संस्था किंवा सोसायटी म्हणून केलेली नोंदणी यासाठी पुरेशी नाही. तमिळनाडूतील अनाथालयांमधील मुलांच्या शोषणासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१७ रोजी निकाल देताना सर्व संस्थांची नोंदणी त्या वर्षअखेरपर्यंत पूर्ण करण्याचे आदेश दिले होते.

देखरेखीत हयगय झाल्यास काय होते, याचा दाखला बिहारमधील मुझफ्फरपूर येथे मिळाला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकाने राज्यातील निवारागृहांचे सामाजिक लेखापरीक्षण केले. त्याच्या अहवालातून तेथील मुलींवरील लैंगिक अत्याचार २०१८ मध्ये उघडकीस आले. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीतील न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले आणि मुख्य आरोपीला पुढे जन्मठेप झाली. हे निवारागृह सरकारी अनुदानावर चालत होते.

घरातच मिळणारा आधार

केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वाची तरतूद आहे. विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता मातांची मुले, गंभीर आजाराने ग्रस्त पालकांची मुले, तसेच नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुले यांना त्याअंतर्गत दरमहा ४,००० रुपये मिळतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० रुपये, तर अन्यत्र ९६,००० रुपये आहे. मूल संस्थेत जाऊ नये म्हणून दिले जाणारे आणि संस्थेतून घरी परतल्यावर दिले जाणारे, असे प्रायोजकत्वाचे दोन प्रकार आहेत. व्यक्ती, कंपन्या वा संस्था यांनाही जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत एखाद्या मुलाचे प्रायोजकत्व स्वीकारता येते. ही खासगी प्रायोजकत्वाची वाट अनेक देणगीदारांना ठाऊक नसते.

महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेखाली अशा मुलांच्या कुटुंबांना साहाय्य मिळते. २०२३ मध्ये या योजनेची रक्कम १,१०० रुपयांवरून दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. कोविड महासाथीत दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी मे २०२१ मध्ये पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन योजना जाहीर झाली. तिच्यात वयाच्या २३ व्या वर्षी दहा लाख रुपयांची तरतूद आहे.

ज्या मुलांना घरी परतणे शक्य नाही, त्यांच्यासाठी प्रतिपालकत्व आणि दत्तक हे कौटुंबिक पर्याय उपलब्ध आहेत. दत्तकासाठी केंद्रीय दत्तक स्रोत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. बालगृह वा रुग्णालयाशी थेट व्यवहार करून अनाथ मूल दत्तक घेणे हा गुन्हा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा अंतिम आदेश जिल्हादंडाधिकारी देतात.

अठराव्या वर्षानंतर

अठरा वर्षे पूर्ण होताच मुलाला बालगृह सोडावे लागते. अनेकांसाठी हा क्षण सर्वांत कठीण असतो. भाड्याची खोली, ओळखपत्रे, उच्च शिक्षणाचे शुल्क आणि पहिली नोकरी या सर्व गोष्टी कोणाच्याही आधाराविना जुळवाव्या लागतात. कायद्यातील अनुरक्षणाच्या तरतुदीनुसार २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत साहाय्य देता येते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण लागू केले. देणगीदारांचे लक्ष प्रामुख्याने लहान मुलांकडे जात असल्याने हा वयोगट दुर्लक्षित राहतो. वसतिगृहाचे शुल्क, कौशल्य प्रशिक्षण किंवा उमेदवारीची संधी या स्वरूपातील मदत येथे अधिक उपयोगी पडते.

देणगीदाराने काय पाहावे?

संस्थेला मदत करण्यापूर्वी बाल न्याय अधिनियमाखालील नोंदणी प्रमाणपत्र व त्याची मुदत तपासावी. प्रत्येक मुलासाठी बालकल्याण समितीचा आदेश आणि वैयक्तिक संगोपन आराखडा आहे का, पालकांशी भेटी घडवल्या जातात का, मुले परिसरातील शाळेत जातात का आणि गेल्या वर्षी किती मुले घरी परतली, हे प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. मुलांची वैयक्तिक माहिती न देता चांगली संस्था त्यांची उत्तरे देऊ शकते. कोणत्याही पाहुण्याला थेट मुलांच्या खोलीपर्यंत जाऊ देणारी किंवा देणगीसाठी मुलांना नाच-गाणी करायला लावणारी संस्था मात्र सावधगिरीने पाहावी.

देणगी धनादेशाने अथवा बँक हस्तांतरणाने द्यावी आणि पावती घ्यावी. रोखीने दिलेल्या दोन हजार रुपयांहून अधिकच्या देणगीवर प्राप्तिकराची सवलत मिळत नाही. परदेशस्थ भारतीय नागरिकांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय योगदान मानली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी मात्र परकीय योगदान विनियमन कायद्याखाली येते आणि ती स्वीकारण्यासाठी संस्थेकडे तशी नोंदणी असावी लागते.

मुलांचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकणे टाळणे आवश्यक आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणाऱ्यास कलम ७४ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वाढदिवसाच्या भोजनाचे छायाचित्रही त्याला अपवाद नाही.

वेळ देऊ इच्छिणाऱ्यांनी वर्षभर ठरलेल्या दिवशी एखादा विषय शिकवणे, आरोग्य तपासणी, समुपदेशन किंवा कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण अशी कामे निवडावीत. काही दिवस जीव लावून नंतर न फिरकणाऱ्या पाहुण्यांमुळे आधीच दुरावा सोसलेल्या मुलांची जखम पुन्हा उघडी पडते. सणाच्या दिवशी येणारी मिठाई अनेकदा गरजेपेक्षा जास्त असते; परिचारिका, समुपदेशक आणि गृहपाल यांच्या वेतनासाठी, तसेच मुलाला भेटायला येणाऱ्या आईच्या प्रवासखर्चासाठी मात्र पैसा अपुरा पडतो.

संकटातील मूल आढळल्यास नागरिकांनी १०९८ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. ही सेवा दिवसाचे २४ तास उपलब्ध असते. प्रायोजकत्व आणि प्रतिपालकत्वाची माहिती जिल्हा बाल संरक्षण कक्षात, तर संस्थांच्या नोंदणीची माहिती जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळते.