नको असलेला तंबोरा

यवतमाळचा दुर्गोत्सव ज्याने पाहिला आहे, त्याला तिथल्या रोषणाईचे वर्णन सांगावयास नको. नवरात्रात हे कापसाचे गाव रात्रीचे झोपतच नाही. अशाच एका रात्री आम्ही सहकुटुंब एका मांडवात वाद्यवृंद ऐकावयास गेलो होतो. पडदा सरला, निवेदकाने हात जोडले, आणि पहिला सूर लागला तो गायकाचा नव्हे. कर्ण्यातून नुसतेच ‘घूंऽऽ’ येऊ लागले. शेजारचे एक आजोबा गंभीरपणे म्हणाले, “तंबोरा त चांगला लागला जी, पण वाजवून कोन राह्यला?”

तंबोरा वाजवीत होती वीज! रंगमंचावरच्या विजेच्या गिटारमधून ती गात होती.

आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावे घेते. तिचा सूर म्हणजे पेटीवरील पांढरी पाचची पार खर्जातली बहीण. अमेरिकेत हेच हेलकावे 60. म्हणजे आपली वीज षड्ज धरील, तर त्यांची कोमल गंधार!

आता ही वीज गिटारच्या गळ्यात शिरली कशी? 1930 च्या सुमारास अमेरिकेत मोठमोठ्या वाद्यवृंदांची चलती होती. कर्णे आणि ढोल यांच्या गदारोळात बिचाऱ्या गिटारचा आवाज बुडून जाई. 1931 साली जॉर्ज बोशां या वादकाने तारांपाशी चुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे बसविले. पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र डुलते, वेटोळ्यात इवलासा प्रवाह उठतो, आणि तो वाढवून कर्ण्याला दिला की मांडव दणाणतो. ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साहाय्याने पुढल्याच वर्षी हे वाद्य बाजारात आले. त्याचा आकार पाहून लोकांनी त्याचे बारसे केले ‘तवा’ म्हणून.

परंतु वेटोळ्याला आपपरभाव ठाऊक नाही. तारेचे क्षेत्र ते जसे टिपते, तसेच शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचे आणि ट्यूबलाइटच्या चोकचेही टिपते. तेव्हा वाद्य आणि त्याची व्याधी ही जुळी भावंडेच म्हणावयाची.

आपल्याकडे हे वाद्य घरोघर पोचविले ते लखनौहून मुंबईच्या चित्रसृष्टीत आलेल्या व्हॅन शिप्ली यांनी. सिनेमाच्या चाली त्यांनी विजेच्या गिटारवर वाजविल्या आणि एच.एम.व्ही.ने त्यांच्या तबकड्या काढल्या. पुढे 1971 च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मध्ये भूपिंदर सिंगांची गिटार गाजली, आणि मग गावोगावच्या वाद्यवृंदांना गिटारवाला हवाच झाला.

व्याधीवर उतारा काढला तो गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर या तंत्रज्ञाने. 1955 साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. ते मिळाले 1959 मध्ये. युक्ती अशी : एकाऐवजी दोन वेटोळी घ्यावयाची, दुसऱ्याचा वेढा उलटा आणि चुंबकही उलटा. बाहेरची घूंघूं दोन्हींत सारखीच शिरते. पण वेढे परस्परविरुद्ध, म्हणून एकीला दुसरी खाऊन टाकते. तारेचा सूर मात्र वेढ्याने एकदा उलटतो, चुंबकाने पुन्हा उलटतो. उलट्याचे उलटे सुलटे! तो दुप्पट होऊन बाहेर पडतो. या जोडवेटोळ्याचे नाव ‘हमबकर’, म्हणजे घूंघूंला टक्कर देणारा.

आमच्या मांडवातल्या गिटारला मात्र एकेरीच वेटोळी होती. मंडळातील एक उत्साही तरुण प्लगची तिसरी, जाड पिन मोडावयास निघाला. “अर्थिंग काढली की आवाज जातो,” हे त्याने कुठेसे ऐकले होते. ते अगदीच खोटे नव्हे. गिटारचा ॲम्प्लिफायर एका जागच्या अर्थिंगवर आणि गायकाची यंत्रणा दुसऱ्या जागच्या, असे झाले की दोन्हींमधून विजेचे कडे तयार होते आणि घूंघूं वाढते. पिन मोडली की कडे तुटते. पण त्याबरोबर वादकाचे कवचही तुटते. वेल्समधील स्वान्सी येथे 3 मे 1972 रोजी लेस्ली हार्वे हा गिटारवादक भर कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून प्राणाला मुकला.

सुदैवाने म्हातारा वायरमन जवळच उभा होता. त्याने तरुणाच्या हातून प्लग काढून घेतला आणि वैद्याने नाडी पाहावी तशी परीक्षा आरंभिली. प्रथम गिटारची वायर काढली. आवाज थांबला, म्हणजे ॲम्प्लिफायर निर्दोष. तारांवर हात ठेवविला, फरक नाही. हाताने आवाज दबला असता, तर गिटारच्या आतील आवरणात उणीव समजावी. मग वादकाला जागीच गिरकी घ्यावयास लावली. एका दिशेस घूंघूं चढली, दुसऱ्या दिशेस उतरली. म्हाताऱ्याने बोट दाखविले : कापडाच्या पडद्यामागे रोषणाईचा ट्रान्सफॉर्मर!

तो उचलून दूर नेला, गिटारच्या वायरीवर पडलेल्या रोषणाईच्या वायरी बाजूला केल्या, सगळी वाद्ययंत्रणा एकाच बोर्डावर घेतली. तिसरी पिन जागच्या जागी राहिली. घूंघूं पुरती गेली नाही. पण इतकी मंदावली की गाणे सुरू होताच कोणाला आठवलीही नाही.

आजोबा तेवढे हळहळले. म्हणाले, “तंबोरेवाला उठून गेला वाट्टे!”