चौरस आहार आणि बायकांचे पान

‘चौरस आहार’ हा शब्द आता आपल्या सर्वांच्या तोंडी इतका रुळला आहे, की तो जणू आजीबाईंच्या बटव्यातूनच आला असावा असे वाटते. वस्तुतः त्याचा इतिहास शंभर वर्षांच्या आसपासचा आहे, आणि त्यात आपल्या एका मराठी भगिनीचा वाटा फार मोठा आहे.

१९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे डॉ. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाच्या चौकशीसाठी एका खोलीत काम सुरू केले. ह्या रोगात पायांतले बळ जाते, अंगावर सूज येते, हृदय दुबळे होते. गिरणीत पांढराशुभ्र सडलेला तांदूळ हेच ज्यांचे मुख्य अन्न, त्यांना तो जडे. कारण कोंड्याबरोबर ‘ब १’ जीवनसत्त्वही निघून जाई. उकड्या तांदळात ते पुष्कळसे टिकते. कोकणातली उकड्या तांदळाची पेज गरिबांची म्हणून हिणवली गेली खरी, पण गुणाने ती शुभ्र भाताहून सरस होती! पुढे १९३७ साली तेथीलच डॉ. ऑक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांतील पोषक द्रव्यांचे तक्ते आणि आहाराची आखणी सांगणारी पुस्तिका काढली. ही संस्था १९५८ साली हैदराबादेस गेली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था.

ह्याच कुन्नूरला कमलाबाई सोहोनी साहाय्यक संचालिका होत्या. माहेरच्या त्या भागवत, दुर्गाबाईंची बहीण. १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना ‘स्त्री’ म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष परीक्षा पाहण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. तेथे त्यांनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम केले, आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. १९४७ नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांकडून कडधान्ये, नीरा अशा गरिबाच्या अन्नावरच संशोधन करून घेतले. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडवणारे एक द्रव्य असते. ते शिजवल्याने बहुतांशी नष्ट होते. वाल भिजवून, सोलून, नीट शिजवण्याची आपली रीत उगीच नव्हती. ज्वारी-तांदळात प्रथिनांचा जो घटक कमी, तो डाळीत भरपूर. डाळीतली उणीव धान्य भरून काढते. वरणभात आणि पिठले-भाकरी ह्या जोड्या म्हणूनच टिकल्या असाव्यात, असे मला वाटते.

इथवर सारे ठीक. पण चौरस स्वयंपाक करणारीचे स्वतःचे पान चौरस असते काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभरांतील ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे आकडे पाहा. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २११० कॅलरी लागतात, स्त्रीला १६६०. लोहाचे मात्र उलट : पुरुषाला १९ मिलिग्रॅम, पाळी चालू असलेल्या स्त्रीला २९. म्हणजे तिला भाकरी थोडी कमी पुरेल, पण पालेभाजी आणि उसळ पुरुषाहून अधिक हवी. आपल्या घरांत नेमके उलट चालत आले. सर्वांची पंगत उठली, की उसळीचे भांडे खरवडलेले, आणि बाईच्या वाट्याला उरलेला भात व तळाची पातळ आमटी. धान्य तेवढे तिच्या पोटात जाई. ह्याला कोणी जुलूम म्हणत नसे, पण रक्त कमी व्हायचे ते होतच असे.

म्हणून भाजी उतरवताच घरातल्या बाईची वाटी आधी काढून झाकून ठेवावी. तिच्यावर लिंबाची फोड पिळावी, त्याने लोह अंगी लागते. आणि चहा? तो जेवणाला लागून नको, तासाभराने घ्यावा. सासूबाई कुरकुरल्या, तर त्यांचीही वाटी काढावी.